बंबवाले बाबा आणि तोक्योच्या लाकडी गल्ल्या

बाबांना तोक्यो दाखवायचं म्हणजे नक्की काय दाखवायचं हा प्रश्न मला ते यायच्या आधीपासूनच पडला होता. टॉवर दाखवला, "उंच आहे" म्हणाले. शिबुयाचं ते जगप्रसिद्ध क्रॉसिंग दाखवलं तर "दादरला याच्यापेक्षा जास्त माणसं क्रॉस करतात, फक्त सिग्नलची वाट बघत नाहीत" म्हणून मोकळे. फुजी दोन दिवस ढगात बसून होता त्यामुळे त्याच्यावर काही शेरा आला नाही. आई मात्र खूश, तिला आमच्या बिल्डिंगखालचं सुपरमार्केट पुरतं, तिथे ती तासभर नुसते मुळे बघत उभी राहते.

तर माझे बाबा मुंबईच्या फायर ब्रिगेडमधून लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झाले. लालबागच्या चाळीत वाढले, मग भायखळ्याला ब्रिगेडच्या क्वार्टर्स. त्यांना कुठेही न्या, हॉटेलात, थिएटरला, लग्नाच्या हॉलमध्ये, आधी बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे ते बघणार आणि मगच बूड टेकणार. माझ्या लग्नात मांडवाचं कापड चिमटीत धरून बघत होते, सासरच्यांना वाटलं भाव काढतायत. ते बघत होते की हे पेटलं तर किती सेकंदात पेटेल.

ऑफिसमधल्या एका जपानी मैत्रिणीने सुचवलं की यानाकाला घेऊन जा, तिथे रिटायर झालेले लोक जुन्या वस्तीतून चालत फिरवतात, दोन-अडीच तास, इंग्लिशमध्ये, अगदी किरकोळ पैशात. मी इथे चार वर्षं राहते, निशी-कासाईला, म्हणजे इथल्या आपल्या लोकांची डोंबिवलीच म्हणा, पण यानाका मी एकदाच बघितलेलं, ते पण कुणाच्या तरी रीलमध्ये दिसलेली मांजरं शोधायला गेले होते म्हणून. म्हटलं चला. आई गुडघ्यांमुळे आली नाही (मुळे!).

नोव्हेंबरचा शनिवार, सकाळी दहा, निप्पोरी स्टेशनचं पश्चिमेकडचं दार. सहा जण होतो, आम्ही दोघं, एक ऑस्ट्रेलियन नवरा-बायको, तैवानची एक मुलगी आणि एक जर्मन काका ज्यांनी पूर्ण टूरमध्ये दोनच वाक्यं बोलली. गाइड म्हणजे साधारण बाबांच्याच वयाचे आजोबा, निळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकच्या पानांची जाडजूड फाइल, त्यात जुने फोटो आणि नकाशे. इथल्या सगळ्या गाइडांकडे ती फाइल असते, त्याशिवाय बहुतेक लायसन्स देत नसावेत. इंग्लिश सावकाश पण स्वच्छ. बाबांना त्यांनी पहिल्या मिनिटापासून ओतोसान म्हणजे बाबाच म्हणायला सुरुवात केली, आणि बाबांनी त्यांना मास्तर. दोघांनाही दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता पण कुणाचं काही अडलं नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की चढावर लगेच क्योओजी नावाचं एक देऊळ लागतं. त्याच्या लाकडी दाराला भोकं आहेत, बंदुकीच्या गोळ्यांची. १८६८ साली शोगुनच्या, म्हणजे तोवर जपानवर राज्य करणाऱ्या सेनापतीच्या, बाजूचे लोक आणि नव्या सरकारचं सैन्य यांची जवळच उएनोला लढाई झाली, तिथून हरलेले सैनिक पळत या देवळात आले म्हणून दारावर गोळीबार. भोकं तशीच ठेवलीयत. ऑस्ट्रेलियन बाईंनी फोटो काढले, बाबांनी एका भोकात करंगळी घालून बघितली, आणि मग मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी म्हणाले, "विचार त्याला, हे सगळं लाकूड अजून उभं कसं?"

मी विचारलं. आणि सोबत, बढाई म्हणून नाही पण आपलं सांगून ठेवलं, की बाबा मुंबईत फायरमन होते.

गाइड आजोबा दोन सेकंद गप्प. मग त्यांनी फाइल मिटली, परत उघडली ती एकदम मागच्या पानावर, आणि बाबांना वाकून नमस्कार केला, चांगला कमरेतून. बाकीच्या चौघांच्या नशिबी त्या दिवशी जी टूर आली ती जाहिरातीतली नव्हती.

पुढे युयाके दांदान नावाच्या पायऱ्या लागतात, छत्तीस आहेत, बाबांनी मोजल्या. युयाके म्हणजे सूर्यास्ताची लाली, संध्याकाळी इथे उभं राहून फोटो काढतात, आम्ही सकाळी साडेदहाला उभे होतो त्यामुळे लाली वगैरे काही नव्हती. पायऱ्यांच्या खाली यानाका गिन्झा, ते खरं गिन्झा नव्हे हां, चकाचक दुकानांचं, ही एक पावणेदोनशे मीटरची बाजारगल्ली, साठेक दुकानं, मच्छीवाला, चहापत्तीवाला, चपलांचं दुकान, मांसाचे गरम कटलेट तळून देणारे खाटीक, आणि सेम्बेई म्हणजे तांदळाच्या कडक पापड्या, सोया सॉस लावून भाजलेल्या. बाबांनी एक सेम्बेई घेतली, चावली, "आपली कुरडई चांगली" म्हणाले आणि मग अजून एक पाकीट घेतलं. इथे मी जास्त थांबत नाही, या गल्लीवर नेटवर हजार लोकांनी लिहिलंय आणि शनिवारी तिथे चालायला जागा नसते.

गंमत पुढे आहे. गल्लीतून मागे वर चढून आत वळलं की आवाज एकदम बंद होतो, कुणीतरी पंखा बंद करावा तसा. एकाला लागून एक देवळं. या एवढ्याशा भागात सत्तरच्या वर देवळं आहेत आणि मी इतकी वर्षं समजत होते की लोक फार धार्मिक असतील. तर कारण आग. १६५७ च्या मार्चमध्ये एदोला, म्हणजे तेव्हाच्या तोक्योला, मेइरेकीची मोठी आग लागली, तीन दिवस धुमसत होती, अर्ध्याहून जास्त शहर गेलं, मेलेल्यांचा आकडा एक लाख सांगतात. शोगुनच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा जळला तो आजतागायत परत बांधलेला नाही, रिकामा चौथरा आहे, मी तो बघितलाय आणि मला वाटलं होतं रिपेअरिंग चालू असेल. या आगीनंतर शहर नव्याने आखलं तेव्हा मधल्या दाटीतली कितीतरी देवळं उचलून बाहेर नेली, त्यातली बरीच यानाकाला आली.

त्या आगीची एक दंतकथाही आहे, लांब बाह्यांच्या एका किमोनोची. तो जिने घातला ती पोरगी मेली, मग दुसरीने घातला तीही मेली, मग तिसरी, शेवटी भटजीबुवांनी ठरवलं हा अपशकुनी किमोनो जाळून टाकू, पेटवला, वारा सुटला, किमोनो जळत उडाला आणि देवळाच्या छपरावर बसला. तैवानच्या मुलीने "अय्यो" केलं (शपथ, अय्योच केलं). बाबांनी विचारलं, "वारा कुठला होता?" गाइड म्हणाले वायव्येचा, हिवाळ्यातला कोरडा वारा. बाबांनी मान डोलावली. म्हणजे किमोनोचा संबंध संपला, केस क्लोज.

वाटेत एक भिंत आहे, मातीचे आणि कौलांचे थर एकावर एक रचून केलेली, कान्नोनजी देवळाची, दोनेक शतकं जुनी. सुंदर आहे. बाबा म्हणाले ही पेटत नाही. यापुढे मी बाबांचं प्रत्येक वाक्य लिहीत बसणार नाही, तुम्ही समजून घ्या.

मग स्मशान. यानाकाचं स्मशान म्हणजे मोठं बागेसारखं आहे, मधून चेरीच्या झाडांचा सरळ रस्ता, सात हजारांच्या आसपास थडगी, शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू इथेच आहे, १८६७ ला सत्ता सोडली आणि पुढे १९१३ पर्यंत जगला, रिटायरमेंटमध्ये फोटोग्राफी करायचा. पण आमच्या मास्तरांनी शोगुनला दोन मिनिटात उरकलं आणि आम्हाला घेऊन गेले त्या रस्त्यावरच्या पोलीस चौकीजवळ, जिथे कुंपणाच्या आत जमिनीत नुसते दगड आहेत. काहीही बघण्यासारखं नाही. चौकोनात मांडलेले पायाचे दगड.

इथे पाच मजली पॅगोडा होता. पहिला १६४४ चा, तो १७७२ च्या आगीत गेला. १७९१ ला परत बांधला, साधारण चौतीस मीटर उंच. हा दुसरा १९२३ चा भूकंप खाऊन उभा राहिला. १९४५ चे बॉम्ब खाऊन उभा राहिला. आणि १९५७ च्या जुलैमध्ये एका जोडप्याने त्याच्या आत स्वतःला पेटवून घेतलं, प्रेमप्रकरण, आत्महत्या, त्यात तो जळला. फाइलमध्ये जळतानाचा फोटो आहे, काळापांढरा, पाचही मजले आतून उजळलेले, एखादा आकाशकंदील असतो ना तसा, आणि हे लिहिताना मला लाज वाटतेय पण तसाच दिसतो.

बाबांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग फोटोतल्या कोपऱ्यात बोट ठेवून विचारलं, पाणी कुठून घेतलं. गाइडना हे कुणी आजवर विचारलं नव्हतं. ते म्हणाले मला माहीत नाही, आणि खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे गाइडला असा प्रश्न विचारला असता तर त्याने लगेच एक विहीर तयार करून दिली असती.

मग दोघं त्या दगडांशेजारच्या बाकावर बसले आणि मी मध्ये दुभाषी. १ सप्टेंबर १९२३, सकाळी ११ वाजून ५८ मिनिटं. दुपारच्या जेवणाची वेळ, घरोघरी शेगड्या पेटलेल्या, भूकंप आला आणि घरं शेगड्यांवर पडली. वारा होता. एक लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक भूकंपाने नाही, आगीने. नदीपलीकडे होंजोला लष्करी कपड्यांच्या कारखान्याची मोकळी जागा होती, लोक सामानसुमान घेऊन तिथे जमले, आणि त्या एका मैदानात अडतीस हजार माणसं जळाली, कारण त्यांनी वाचवायला आणलेलं सामानच पेटलं. बाबा एवढंच म्हणाले, "गाद्या." म्हणजे लोक गाद्या घेऊन पळतात, मुंबईत पण.

आणि यानाका का वाचलं? गाइड म्हणाले नशीब, आणि उंचवटा, आणि मोकळी जागा, देवळांची आवारं, हे स्मशान, पलीकडे उएनोचं पार्क. १६५७ च्या आगीमुळे जी देवळं इथे हलवली त्यांच्या मोकळ्या आवारांनी पुढे अडीचशे वर्षांनी आग अडवायला हातभार लावला. बाबांनी "फायर ब्रेक" असं इंग्लिशमध्ये म्हटलं आणि गाइडनी "यस, यस, फायर ब्रेक" म्हणून टाळीच दिली जवळजवळ.

नंतर १० मार्च १९४५. अमेरिकन विमानांनी रात्रीतून पूर्व तोक्यो जाळलं, एका रात्रीत लाखभर माणसं. मास्तरांची आई तेव्हा पंधरा वर्षांची होती, आसाकुसाकडे राहायची, तिकडून चालत चालत या चढावर आली. एवढंच त्यांनी सांगितलं, पुढचं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. यानाकालाही काही बॉम्ब पडलेत, अगदी सहीसलामत सुटलं असं नाही, पण बरंचसं उरलं. बाबांनी मला सांगितलं त्याला सांग, आमच्याकडे १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं, फोर्ट स्टिकिन, आग विझवायला गेलेले ब्रिगेडचे ६६ लोक गेले. दर वर्षी १४ एप्रिलला भायखळ्याला मानवंदना असते, लहानपणी मी जायचे, मला तेव्हा फक्त चमकणारे पितळी हेल्मेट आठवतात. मास्तरांनी वही काढली आणि तारीख लिहून घेतली. जर्मन काकांनी इथे आपलं पहिलं वाक्य बोललं, "माझं गाव हॅम्बुर्ग." तेही युद्धात बॉम्बनी असंच जळालं होतं. त्यानंतर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

असो. स्मशानातून बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावरच्या कायाबा कॉफीत बसलो, रांग होती पण शेकोटीसारखं ऊन होतं त्यामुळे चाललं. घर १९१६ चं, कॅफे १९३८ पासून, मध्ये बंद पडला होता, २००९ ला परत उघडला. वर तातामीच्या चटईवर मांडी घालून बसायची जागा आहे, बाबा खूश, परदेशात पहिल्यांदा मांडी घालून चहा. अंड्याचं सँडविच ऑर्डर केलं, ते इथलं फेमस आहे, गरम असतं आणि इतकं जाड की तोंड किती उघडायचं याचा आधी विचार करावा लागतो. समोरच एक जुनं दारूचं दुकान आहे, १९१० ची इमारत, आता म्युझियमसारखी, आत फुकट जाता येतं. थोडं पुढे सार्वजनिक न्हाणीघर होतं त्यात १९९३ पासून आर्ट गॅलरी आहे, बाहेरून अजून न्हाणीघरच, धुराडं वगैरे सकट.

चहावर मास्तरांनी एदोच्या फायरमन लोकांची गोष्ट काढली आणि मला वाटतं बाबांसाठी अख्ख्या जपान ट्रिपचा कळस हाच होता. एदोत इतक्या आगी लागायच्या की ‘आग आणि भांडण ही एदोची फुलं’ अशी म्हणच आहे. १७२० च्या सुमाराला वस्त्यावस्त्यांची पथकं केली, त्यांना इरोहा म्हणजे आपल्या कखगघ सारख्या अक्षरांची नावं दिली. पण काही अक्षरं गाळली. ‘हि’ गाळलं कारण हि म्हणजेच आग. ‘हे’ गाळलं कारण हे म्हणजे पादणे. कोण म्हणेल मी पादरं पथकात आहे. तिसऱ्या एका अक्षराचा अर्थ मास्तरांनी फक्त बाबांना हातवारे करून सांगितला, दोघं म्हातारे डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले आणि मला अजून कुणी सांगितलेला नाही, मी नेटवर शोधला.

आणि ही पथकं पाणी मारायची नाहीत. होता एक लाकडी पंप, पण त्याचा मारा कितीसा. ते घरं पाडायचे. वाऱ्याच्या दिशेला आगीच्या पुढे जाऊन उभी घरं आकड्यांनी ओढून भुईसपाट करायची, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. फायरमन कोण, तर तोबी, म्हणजे उंचावर चढून घरं बांधणारे कामगार. बांधणारेच पाडणारे, कारण कुठला खांब काढला की घर बसतं हे त्यांनाच माहीत. एक जण मातोई नावाचा झालरी लावलेला दांडा घेऊन छपरावर चढायचा, म्हणजे आमचं पथक इथे आहे, आग याच्यापुढे येणार नाही. आणि आग आली तर? तर तो पण गेला. अजून दर जानेवारीच्या सहा तारखेला बांबूच्या शिडीच्या टोकावर कसरती करून दाखवतात. बाबा तर तिकीट पुढे ढकलायच्या गोष्टी करायला लागले होते.

आता ज्यासाठी मी ही पोस्ट लिहायला बसले ते. कॅफेनंतर आम्ही आतल्या गल्ल्यांत शिरलो. आधी तीन रस्ते मिळतात तिथे एक प्रचंड झाड आहे, त्याला ते हिमालया-सुगी म्हणतात, आणि ते आपलं देवदार आहे! त्याच्या पायाशी एक छोटं पावाचं दुकान, त्या दुकानवाल्यांच्या आजोबांनी म्हणे कुंडीत लावलेलं रोप, ते कुंडी फोडून एवढं झालं. बाबांनी खोडावर दोनदा थापटलं, गावाकडच्या माणसाला भेटल्यासारखं.

तिथून पुढे रोजी, म्हणजे बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागेल इतके अरुंद. दोन्ही बाजूला लाकडी घरं, काळपट फळ्या, सरकती दारं, आणि दारासमोर कुंड्या, थर्माकोलच्या खोक्यात लावलेली झाडं, केशरी फळांनी लगडलेलं एक पर्सिमनचं झाड, मांजर (अखेर!), सायकल, वाळत घातलेले टॉवेल. मी फोनचं स्टोरेज संपवलं. यातली काही नागाया पद्धतीची आहेत, म्हणजे लांबलचक एकच घर, मध्ये भिंती घालून खोल्या केलेल्या. जुन्या काळी मागच्या बोळातली एक खोली साधारण नऊ फूट बाय बारा फूट, त्यात अख्खं कुटुंब, विहीर सामायिक, संडास सामायिक. बाबा म्हणाले आमची दहा बाय बारा होती, म्हणजे आम्ही श्रीमंत. विहिरीवर बायका जमून गप्पा मारायच्या, त्याला अजूनही जपानीत इदोबाता काइगी म्हणतात, विहिरीकाठची मीटिंग. मी म्हटलं आमच्याकडे नळावरची. सामायिक संडासातला मैला शेतकरी विकत घ्यायचे आणि पैसे घरमालकाला जायचे, हे ऐकून ऑस्ट्रेलियन काका पहिल्यांदा खरे जागे झाले.

बाबा मात्र बोळात शिरल्यावर हात दोन्हीकडे पसरून उभे राहिले. मला वाटलं फोटोसाठी. ते रुंदी मोजत होते. "दोन मीटर, फार तर सव्वादोन. इथे बंब शिरत नाही."

मी वैतागून म्हटलं बाबा, किती सुंदर आहे हो, जरा बघा तरी.

"बघतोय की," म्हणाले. "जिथे फोटो छान येतो ना, तिथे बंब जात नाही. लालबागला पण नाही जायचा."

मास्तरांना मी हे भाषांतर करून सांगितलं, मनात धाकधूक, कारण हा त्यांचा मोहल्ला. ते म्हणाले ओतोसान बरोबर बोलतायत, आणि मग जे सांगितलं ते मला चार वर्षांत माहीत नव्हतं. १९५० चा इथला बांधकामाचा कायदा आहे, घराची जागा किमान चार मीटर रुंद रस्त्याला, निदान दोन मीटर तरी, लागून असली पाहिजे. जुना रस्ता त्याहून अरुंद असेल तर नवं घर बांधताना रस्त्याच्या मध्यापासून दोन मीटर मागे सरकायचं. शिवाय अशा दाटीच्या भागात आगीचे नियम कडक, उघड्या फळ्यांचं लाकडी घर जसंच्या तसं परत बांधता येत नाही. म्हणजे आपण ज्याचे फोटो काढत होतो ते प्रत्येक घर एकदा पडलं की गेलं. म्हातारी माणसं जातात, मुलांना वारसाकर भरायचा असतो, जागा विकतात, तिथे तीन मजली नवं घर उभं राहतं, दोन पावलं मागे सरकून. आणि मग मला बोळ वेगळा दिसायला लागला. खरंच, भिंतींची रेघ सरळ नव्हती, मध्येच एखादं घर मागे सरकलेलं, त्याच्यासमोर डांबराचा छोटा तुकडा जास्तीचा, जसे तोंडातले मधले मधले दात पडलेत.

मग हे चांगलं की वाईट? मी म्हणाले वाईट. बाबा म्हणाले चांगलं. मास्तर म्हणाले दोन्ही, पण ते इथे राहतात त्यामुळे त्यांना तसं म्हणावंच लागणार. मी बाबांना म्हटलं, मग सगळंच पाडून रुंद रस्ते करायचे का, आपल्या गिरगावात चाललंय तसं. बाबा काही बोलले नाहीत. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीला जुनी लाकडी इमारत पेटली होती आणि ती कोसळली त्यात ब्रिगेडचे चार अधिकारी गेले, त्यातल्या दोघांबरोबर बाबांनी काम केलं होतं. मला हे विचारून झाल्यावर आठवलं. मी जिभेचं काय करावं कळत नाही कधीकधी.

थोडं पुढे गेल्यावर तेच थांबले. एका घराच्या भिंतीला लाल पेटी, आत अग्निशामक सिलिंडर. घराचा नाही, गल्लीचा. मग अजून एक. दर थोड्या अंतरावर एक. बाबांनी प्रत्येकाची पेटी वाकून बघितली, तारीख शोधत होते, मी वाचून दाखवली, चालू होती. बोळ संपतो तिथे एक हातपंप, हिरवा, चालू. बाबांनी दांडा मारला, पाचव्या दणक्याला पाणी आलं, आणि शेजारच्या घरातून एक आजी सरकतं दार उघडून बघायला आल्या की कोण पाणी काढतंय. मास्तर त्यांच्याशी बोलले. त्यांनी बाबांकडे बघून काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यातलं मला कळलं ते असं, की थंडीत वस्तीतले लोक रात्री दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटत ‘हि नो योजिन’ म्हणत फिरतात, आगीपासून सावध राहा, माझा नवरा फिरायचा, आता गुडघे गेले, आता पलीकडचा पोरगा फिरतो पण त्याचा आवाज लहान आहे. सप्टेंबरच्या एक तारखेला, भूकंपाच्या दिवशी, पूर्ण देशात आपत्तीची रंगीत तालीम असते, तेव्हा हा पंप चालवतात म्हणे.

बाबांनी त्यांना सॅल्यूट केला. कडक, टाचा जुळवून, सेम्बेईचं पाकीट दुसऱ्या हातात. आजी लाजल्या आणि आत जाऊन दोन पर्सिमन घेऊन आल्या.

त्यानंतर नागमोडी रस्त्याने खाली उतरलो, त्याला हेबीमिची म्हणजे सापाचा रस्ताच म्हणतात, खाली एक ओढा आहे, आइझोमे, तो झाकून वर रस्ता केला म्हणून तो ओढ्यासारखाच वळत जातो, आणि त्याच वळणावर दोन वॉर्डांची हद्द. शेवट नेझु देवळाशी. पाचव्या शोगुनने १७०६ ला बांधलेलं, लालभडक, आणि जिन्को झाडांची पिवळी पानं खाली इतकी की फरशी दिसत नव्हती. एप्रिलमध्ये इथे हजारो अझेलिया फुलतात, ते बघायला लोक मरतात, आम्हाला मिळाली पानं. बाकीचे लोक छोट्या लाल कमानींच्या रांगेतून फोटो काढायला गेले. मास्तर आणि बाबा देवळाच्या वळचणीला उभे राहून वर बघत होते, छपराच्या खालची तुळई कशी जोडलीय ते, एकमेकांना बोटाने दाखवत. मी यावेळी भाषांतराला गेले नाही.

निरोप घेताना मास्तरांनी वहीचं पान फाडून त्यावर ११९ लिहून दिलं, म्हणजे इथला फायर ब्रिगेडचा नंबर. बाबांनी त्याच्याखाली १०१ लिहून अर्धं पान त्यांना परत दिलं. मी टिप द्यायला पाकीट काढलं तर ते इतके घाबरले की मी परत ठेवलं. पर्सिमन मात्र त्यातला एक बाबांनी त्यांना घ्यायला लावला.

नेझुहून चियोदा लाइन, ओतेमाचीला बदलून तोझाई, घरी यायला पाऊण तास. बाबा सगळा वेळ गप्प, मला वाटलं दमले. आमच्या अकरा मजली बिल्डिंगच्या लिफ्टमधून बाहेर आलो तर घराकडे न वळता कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे भिंतीत लाल पेटी आहे. चार वर्षं मी रोज तिच्यासमोरून जातेय, एकदा तिच्यावर छत्री वाळत टाकली होती. त्यांनी मला हाक मारली, ही तारीख वाच म्हणाले. वाचली.

"डिसेंबर. म्हणजे पुढच्या महिन्यात संपतंय. उद्याच फोन कर त्यांना," म्हणाले, आणि आईला पर्सिमन द्यायला आत गेले.